पहिल्यांदाच जिल्हा परिषद किंवा पंचायत समितीला उभं राहताय? मग कागदांपासून सुरुवात करा

२०१७ च्या निवडणुकीत माझ्या वहिनी पंचायत समितीच्या गणातून, म्हणजे छोट्या मतदारसंघातून, उभ्या राहिल्या. आमच्या घरातून त्याआधी कुणी सोसायटीच्या निवडणुकीतही उतरलं नव्हतं. आरक्षणाच्या सोडतीत गण महिलेसाठी निघाला, बचतगटाच्या बायका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसल्या आणि जेवणं व्हायच्या आत ठरून गेलं. प्रचार भावाकडे गेला, कागदांची पिशवी माझ्या खांद्याला आली. पुढे आजूबाजूच्या गावांतले लोक ‘तुमचा अर्ज कसा भरला होता’ म्हणून विचारायला येत राहिले आणि मी सांगत राहिलो. गावात वजन असलेला, लोकांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस छाननीच्या टेबलावर एका दाखल्यासाठी बाद होताना मी पाहिला आहे. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे अजून आठवतात. तसं तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

१. आधी रचना नीट समजून घ्या

आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्या आहेत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा, १९५८ चा. हे मुद्दाम सांगतो, कारण सरपंचकीची निवडणूक लढवलेले लोक तिथले नियम इथे लावतात आणि फसतात.

राज्यात जिल्हे ३६, पण जिल्हा परिषदा ३४. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर पूर्ण शहरी असल्याने तिथे जिल्हा परिषद नाही. एका जिल्हा परिषदेत थेट निवडून येणारे सदस्य कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५. २०१७ मध्ये सिंधुदुर्गात ५० जागा होत्या, पुण्यात ७५. ज्या भागातून एक जिल्हा परिषद सदस्य निवडून येतो त्याला कायद्यात ‘निवडणूक विभाग’ म्हणतात, आपण म्हणतो गट. प्रत्येक गटाचे दोन भाग होतात, ते ‘निर्वाचक गण’. एका गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. म्हणजे तुमच्या तालुक्यात सहा गट असतील तर पंचायत समितीत बारा सदस्य. हे गणित पाठ असू द्या.

थेट निवडून आलेल्यांशिवाय जिल्ह्यातल्या सगळ्या पंचायत समित्यांचे सभापती जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्य असतात. आमदार-खासदार मात्र आपल्याकडे सदस्य नसतात, त्यांचा वावर कितीही असला तरी. सदस्यांची मुदत पाच वर्षं, अध्यक्षपदाची अडीच. अध्यक्षाला जनता थेट निवडत नाही, सदस्य निवडतात. प्रशासनाची बाजू मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ सांभाळतात, तालुक्याला गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ.

गट लढवायचा की गण, हे ठरवण्याआधी दोन्हीकडची कामं पाहा. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा, जनावरांचे दवाखाने हा जिल्हा परिषदेचा पसारा. पंचायत समिती यातलं बरंचसं राबवते, पण तिच्या हातात पैसा थोडा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ग्रामपंचायतींना ८० टक्के, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला प्रत्येकी १० टक्के अशी वाटणी आपल्या राज्यात झाली. वहिनी निवडून आल्या तेव्हा लोकांनी पहिल्याच महिन्यात रस्ता मागितला, आणि गणातल्या सदस्याकडे रस्त्याएवढी रक्कम नसते हे समजावताना त्यांची फार ओढाताण झाली. तरी गण कमी मोलाचा समजू नका. घरकुलाच्या यादीपासून शाळेतल्या रिकाम्या शिक्षकाच्या जागेपर्यंत बीडीओला समोर बसवून विचारता येतं, आणि ते विचारणारं माणूस गावाला लागतंच. झेडपीतून पुढे गेलेलेही पुष्कळ आहेत. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर गेले, तिथून विधानसभेत आणि उपमुख्यमंत्रिपदापर्यंत.

२. तुमचं घर कोणत्या गणात आहे ते कागदावर पाहा

‘आमचं गाव अमुक गटात’ हे तोंडी ऐकून चालत नाही. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीआधी गट-गणांची रचना नव्याने तपासली जाते. आधार असतो जनगणनेच्या लोकसंख्येचा, सध्या २०११ च्या. प्रारूप रचना प्रसिद्ध होते, हरकती मागवतात, सुनावणी होते आणि मग रचना अंतिम होते. हरकतीचे दिवस थोडे असतात, म्हणून तहसील कार्यालयाच्या फलकावर लक्ष ठेवा.

शेजारचं मोठं गाव नगरपंचायत झालं की त्याचे मतदार जिल्हा परिषदेतून बाहेर पडतात. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका किंवा कटक मंडळाच्या हद्दीत नाव असणाऱ्याला गटात मत नसतं. कित्येक इच्छुक बाजारपेठेच्या गावात राहायला गेलेले असतात, मतदार यादीतलं नावही तिकडे नेलेलं असतं, आणि उभं राहायची वेळ आली की मग आठवतं.

३. मतदार यादी: इथे सगळ्यात जास्त लोक उशिरा जागे होतात

राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी घेऊन तीच गट-गणांप्रमाणे फोडली जाते. आयोग एक तारीख जाहीर करतो. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत ज्यांची नावं आहेत तेवढेच मतदार. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण कशाची? नाव चुकून दुसऱ्या गणात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलं, लिहिण्यात चूक झाली, एवढ्याचीच. ‘माझ्या सुनेचं नवीन नाव घाला’ असा अर्ज त्या वेळी दिलात तर तो बाजूला पडणार. ते काम विधानसभेच्या यादीत, बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे), कितीतरी आधी व्हायला हवं. लग्न होऊन आलेल्या सुना आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलं यांची यादी करून घरोघर फिरा. प्रचाराचं हे पहिलं काम आहे असंच मी मानतो.

यादी हातात आली की वस्त्या तपासा. मळ्यातल्या वस्तीची पन्नास-साठ नावं शेजारच्या गणात गेलेली आढळतात. वेळेत अर्ज दिला तर दुरुस्ती होते.

४. आरक्षण

अनुसूचित जाती आणि जमातीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या, म्हणजे ओबीसींच्या जागा वेगळ्या, आणि प्रत्येक प्रवर्गातल्या निम्म्या जागा महिलांना. महिलांचं ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये आलं. सोडत जाहीर सभेत निघते आणि ती पाहायला कुणालाही जाता येतं. गटाच्या सोडती जिल्ह्याच्या ठिकाणी, गणांच्या तालुक्याला.

ओबीसी आरक्षणाचा प्रश्न गेल्या काही वर्षांत न्यायालयात फार गाजला. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी चाचणीची अट घातली: आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करायची, तिच्या आधारे आरक्षणाचं प्रमाण ठरवायचं आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यापाठोपाठ रचनेचे, जागांच्या संख्येचे वाद आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिथे मतदान झालं त्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे प्रशासकच राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशाने निवडणुकांची वाट मोकळी होऊ लागली. तुम्ही नवीन असाल तर यातून एवढंच घ्या की सोडत निघाली म्हणजे सगळं कायमचं ठरलं असं नव्हे, न्यायालयाच्या आदेशाने ती बदलू शकते. त्यामुळे गट आणि गण दोन्हींची तयारी ठेवा.

सर्वसाधारण जागेवर कोणत्याही प्रवर्गातल्या व्यक्तीला उभं राहता येतं. महिलेलाही. ‘ती जागा पुरुषांची’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

५. तुम्ही पात्र आहात का, हे आज तपासा

वय २१ पूर्ण हवं. जिल्हा परिषदेसाठी जिल्ह्यातल्या कोणत्याही गटाच्या मतदार यादीत नाव असलं की त्या जिल्ह्यात कुठल्याही गटातून उभं राहता येतं. पंचायत समितीसाठी नाव त्याच पंचायत समितीच्या क्षेत्रात हवं. आता अपात्रतेची बाजू, आणि ही ओळ न् ओळ वाचा.

दोन अपत्यांची अट. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्रता येते. मूल नात्यात दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही; ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. यात लपवाछपवी करू नका. शाळेचे दाखले, जन्मनोंदी, रेशनकार्ड सगळं विरोधकांच्या हाती येतं, आणि निवडून आल्यावर पद जाणं हे घराला फार लागतं.

ठेका. जिल्हा परिषदेच्या किंवा पंचायत समितीच्या कामात तुमचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर अपात्रता. घरातल्या कुणाच्या नावावर काम चालू असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

थकबाकी. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं काही देणं असेल ते फेडा. घरफाळा, पाणीपट्टीही भरा, आणि पावती मिळाली म्हणून थांबू नका, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. एकत्र कुटुंबात घर आजोबांच्या नावावर असतं आणि पाणीपट्टी चुलत्याच्या. दोन्ही पाहा. आमच्याकडे एका जुन्या नळजोडणीची बाकी निघाली होती. रक्कम किरकोळ, पण ती भरून दाखला हातात पडेपर्यंत दोन दिवस गेले, आणि अर्जाच्या आठवड्यात दोन दिवस फार मोठे असतात.

शौचालय. घरी शौचालय असून ते वापरात असल्याचा दाखला लागतो. शिवाय शासनाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पगारी नोकरीत असताना उभं राहता येत नाही.

६. पिशवीत काय काय असावं

मी एका जाड प्लास्टिकच्या फाईलमध्ये प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवत होतो:

- उमेदवाराच्या नावाची मतदार यादीतली प्रत, भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह
- सूचकाच्या (उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदाराच्या) नावाची तशीच प्रत
- नामनिर्देशनपत्र आणि शपथपत्र: मालमत्ता, देणी, शिक्षण, गुन्ह्यांची माहिती
- राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- अपत्यांबद्दलचं घोषणापत्र
- शौचालयाचा दाखला
- थकबाकी नसल्याचे दाखले
- अनामत रकमेची पावती
- निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचं पासबुक
- पक्षाचा उमेदवार असाल तर एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र
- फोटो, आधार, आणि सह्यांचा नमुना नीट जुळेल असं एखादं जुनं ओळखपत्र

आयोग प्रत्येक वेळी थोडे बदल करतो. कधी अर्ज संगणकावर भरून छापील प्रत द्यायची असते, कधी हातानेच. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून त्या वेळची यादी लेखी घ्या आणि या यादीशी ताडून पाहा.

व्हॅलिडिटीबद्दल वेगळं सांगायला हवं. राखीव जागेवर उभं राहणाऱ्याकडे जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडायची सवलत शासन देत आलं आहे. पण ती मुदत चुकली तर निवड रद्द होते, आणि ही मुदत पाळावीच लागते असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये सांगितलं आहे. समितीच्या हातात शेकडो प्रकरणं असतात. पणजोबांच्या शाळेचा उतारा, जुन्या महसुली नोंदी, वडिलांच्या भावाची व्हॅलिडिटी हे सगळं गोळा करायला महिने लागतात. तुमच्या मनात उभं राहायचा नुसता विचार जरी असला, तरी व्हॅलिडिटीचा अर्ज या आठवड्यात टाका. मुलांच्या शिक्षणालाही तो कागद उपयोगी पडतोच.

७. अर्ज, छाननी, माघार

अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. त्या दिवशी तहसील कार्यालयाच्या आवारात मिरवणुका असतात, झेरॉक्सच्या दुकानात रांग असते आणि वेळ संपली की दार बंद होतं. मुहूर्त पाहणाऱ्यांनी एक अर्ज मुहूर्तावर भरावा आणि त्याआधी एक भरून ठेवावा. एकापेक्षा जास्त अर्ज भरता येतात. पहिल्यात काही राहिलं तर दुसरा वाचवतो.

सूचक त्याच गटातला किंवा गणातला मतदार हवा. आमचा सूचक भावाचा जिवलग मित्र, एकाच गावचा. अर्जाच्या आदल्या रात्री मी यादी चाळत बसलो तेव्हा कळलं की त्याचं घर असलेली वस्ती नव्या रचनेत शेजारच्या गणात गेली आहे. रात्री साडेदहाला दुसऱ्या आळीतल्या काकूंना उठवून त्यांची सही घेतली. काकूंनी ‘कशावर सही करतेय ते आधी वाचून दाखव’ म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

शपथपत्रात एकही रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सातबारावर नाव असलेली वडिलोपार्जित जमीन, सोसायटीचं कर्ज, बायकोचे दागिने, मोटरसायकल सगळं लिहा. कर्ज लिहायची लाज वाटून घेऊ नका.

पक्षाकडून लढणार असाल तर एबी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या ठरलेल्या वेळेआधी निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. ‘साहेबांनी सांगितलंय, फॉर्म निघालाय’ या शब्दावर विसंबून राहिलेले शेवटी अपक्ष ठरतात. फॉर्मवर नाव, गट, सही मूळ स्वरूपात आहे ना, ते स्वतः पाहा.

छाननीला उमेदवाराने स्वतः जावं. समोरच्याने हरकत घेतली की उत्तर तिथेच द्यावं लागतं. शक्य असेल तर तालुक्यातला एखादा वकील सोबत न्या. माघारीचा दिवस गेला की चिन्हं मिळतात. अपक्षाने चिन्ह निवडताना म्हाताऱ्या माणसाला चटकन ओळखता येईल असं निवडावं. वहिनींनी त्या वेळी सोपं चिन्ह मागितलं होतं. घरोघर हाताने चित्र काढून दाखवता आलं.

८. खर्च आणि प्रचार

खर्चाची मर्यादा जिल्ह्यात किती गट आहेत त्यावर ठरते, आणि गट व गण यांची वेगवेगळी असते. पहिल्या दिवसापासून एक वही घाला. चहा, मंडप, रिक्षाचं भाडं, पत्रकं, ज्याचं बिल आहे ते बिलासह. खर्च त्या वेगळ्या बँक खात्यातून करा. पत्रकावर छापणाऱ्याचं व प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या असायलाच हवी. प्रचाराच्या गाडीला आणि स्पीकरला परवानगी आधी घ्या.

९. मतदानाचा दिवस

ग्रामीण मतदाराला दोन मतं द्यायची असतात, एक जिल्हा परिषदेचं आणि एक पंचायत समितीचं, मतदान यंत्रांवर लावलेल्या दोन वेगळ्या रंगाच्या मतपत्रिकांवर. अनेक आजी पहिलं बटण दाबून ‘झालं की’ म्हणत बाहेर येतात. गणाच्या उमेदवाराचं यात नुकसान होतं. घरोघर जाल तेव्हा पुठ्ठ्यावर नमुना काढून दोन्ही ठिकाणी बटण दाबायचं हे दाखवा. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही दोन्हीकडे असतो. मतदान केंद्रावर तुमचा प्रतिनिधी गावातला, मतदारांना ओळखणारा बसवा, आणि त्याच्या नेमणुकीचा कागद सही करून आदल्या दिवशीच त्याच्या हातात द्या.

१०. निकालानंतरही पिशवी बाजूला ठेवू नका

निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. हरलेल्यालाही, बिनविरोध आलेल्यालाही. दिला नाही तर पुढच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवता येतं. हरलेला माणूस मन मोडून घरी बसतो आणि नेमकं हेच विसरतो, म्हणून त्याच्या घरच्यांनी लक्ष ठेवावं. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

निवडून आलात तर पक्षाची किंवा आघाडीची गटनोंदणी (इथे गट म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांचा समूह) जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा या सदस्यांनाही लागू आहे. अध्यक्ष-सभापतींच्या निवडीवेळी गटनेत्याचा व्हीप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. सही करायच्या आधी नोंदणीच्या कागदात गटनेता म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. जिल्हा परिषदेत अध्यक्ष-उपाध्यक्षांनंतर विषय समित्यांचे सभापती निवडले जातात. महिला व बालकल्याण समितीचं सभापतिपद महिलेकडेच असतं. बांधकाम आणि अर्थ समितीसाठी चढाओढ असते, पण शिक्षण आणि आरोग्य समितीत बसलेला सदस्य आपल्या गटासाठी फार काही करू शकतो असं माझं मत आहे.

पहिल्या सभेआधी बीडीओ कार्यालयातून मागच्या वर्षीच्या सभांची इतिवृत्तं आणि अंदाजपत्रक मागून घ्या. स्वनिधीतले, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातले, २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. वहिनींनी पहिल्याच सभेत दिव्यांगांच्या निधीचं काय झालं एवढं एकच विचारलं. उत्तर मिळायला तीन सभा लागल्या, पण मिळालं.